आता लिफ्ट आली, मालूमे

मालूमे मेलेल्या माणसांशी बोलायचा. वेडाच्या भरात नव्हे, कामाचा भाग म्हणून. वॉर्डात कोणी गेलं की झाकलेली ट्रॉली शवागारापर्यंत न्यायची हे पोर्टरचं काम. बाकीचे पोर्टर ते खाली मान घालून भराभर उरकायचे. हा मात्र दर वळणाला ट्रॉलीकडे वाकून सांगायचा, "आता आपण डावीकडे वळतोय हं. इथे फरशीला उंचवटा आहे, जरा धक्का बसेल. ही लिफ्ट आली. आता खाली." भूल उतरायची असलेल्यांना, शुद्ध हरपलेल्यांना, सगळ्यांनाच तो असं सांगत न्यायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, त्यांना ऐकू येत नाही." त्यानं शांतपणे विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बेड मॅनेजर आहे. आधी बरीच वर्षं नर्स होते, मग गुडघे बोलायला लागले आणि हातात फोन आला. कुठला पेशंट कुठल्या वॉर्डात, कोणाला आज घरी पाठवता येईल, बाहेर अँब्युलन्समध्ये ताटकळलेल्या म्हातारीला कुठे टेकवायचं, हे दिवसभर जुळवायचं. हिवाळ्यात तर मला माणसं दिसेनाशीच होतात, नुसते बेड दिसतात. पोर्टर लोक माझं नाव न घेता मला 'बेड्स'च म्हणायचे. "बेड्स आली, पळा." फक्त मालूमे मला 'सिस सुनीता' म्हणायचा, म्हणजे सुनीताताई.

'मालूमे' म्हणजे झुलू भाषेत मामा. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या नर्सेसनी त्याला ते नाव दिलं आणि मग मोठमोठे डॉक्टरही तेच म्हणायला लागले. त्याच्या बिल्ल्यावरचं खरं नाव कोणी वाचत नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, हळू चालणारा माणूस. बायको नर्स म्हणून इकडे आली, तिच्यामागून हा आला. पुढे लग्न मोडलं, बायको दुसऱ्या गावी गेली आणि हा इथल्या चिंचोळ्या घरांच्या रांगेत एकटा राहिला. घराला बाग नव्हती, म्हणून पुढच्या पायरीवर प्लास्टिकच्या बादलीत मका लावायचा. मक्याला कणीस कधी धरलं नाही, पण दर वर्षी लावायचा.

तो रॅपर आहे हे मला माझ्या लेकीनं सांगितलं. रेवा इथेच जन्मली, तिचं मराठी आम्हा नवराबायकोच्या कृपेनं लंगडं आहे. तिचा एका शनिवारी फोन आला, मागे नुसता धडधडाट. "आई, तुझी तो पोर्टर अंकल इकडे रॅप करते! आय ॲम नॉट जोकिंग! सगळी लोक वेडा झालीय!" मी म्हटलं, मालूमे? जो माझ्याशी बोलताना दोन वाक्यांमध्ये चहाचा घोट घेतो, तो? रॅप?

पुढच्या महिन्यात मी स्वतः गेले. कम्युनिटी हॉल होता, सकाळी योगासनं आणि दुपारी पोरांचे वाढदिवस होतात तसला. मालूमे स्टेजवर आला तो टायर कापून केलेल्या चपला घालून, हातात कॉन्सर्टिना. आपल्या बाजाच्या पेटीची पंजात मावणारी धाकटी बहीण म्हणा. मागे लॅपटॉपवर ठेका. आधी त्यानं गावाकडची एक संथ चाल वाजवली. मग मध्येच पेटी काखोटीला मारली, एक पाय डोक्याएवढा उंच उचलला, जमिनीवर असा आपटला की माझ्या हातातला कप हलला, आणि तो बोलायला लागला. श्वास न घेता. झुलू, मध्ये इंग्रजी, परत झुलू. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि डोळ्यांत पाणी का येतंय तेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी विचारलं, एवढं काय सांगत होतास? "पत्ता," तो म्हणाला. त्यांच्याकडच्या जुन्या गाण्यांत गवई मध्येच गाणं थांबवून भरभर स्वतःची ओळख सांगतो. कुठल्या डोंगराखालचा, कुठल्या नदीचं पाणी प्यालेला, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, कोणाचा पणतू. नावांमागून नावं. "आधी पत्ता, मग गाणं," तो म्हणाला. "रॅप आम्ही कोणाकडून शिकलो नाही, सिस सुनीता. रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ओळखलं." इथल्या पोरांबद्दल त्याची एकच तक्रार होती. "छान करतात, पण फक्त स्वतःचंच कौतुक करतात. त्यांच्या पाठीमागे कोण उभं आहे ते सांगतच नाहीत. ऐकताना मला त्यांची काळजी वाटते."

त्याचे ठेके हॉस्पिटलातलेच असायचे. कुरकुरणारं ट्रॉलीचं चाक, लिफ्टची घंटी, रक्तदाबाच्या यंत्राचा फुसकारा, सगळं तो फोनवर टिपून घ्यायचा. कुरकुरतं चाक दुरुस्तीला पाठवलं म्हणून एकदा माझ्यावर रुसला होता. एका मराठी आजींना स्कॅनला न्यायचं होतं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तर हा माझ्याकडे शब्द मागायला आला. 'डावीकडे', 'उजवीकडे', 'लिफ्ट आली' एवढं त्यानं हाताच्या पंजावर पेनानं लिहून घेतलं. आजी खूश होऊन परतल्या. हा दोन महिन्यांत गाणं घेऊन आला आणि नॉटिंगहॅमची गोरी-काळी पोरं हात वर करून 'दावीकाडे! उजवीकाडे!' ओरडू लागली. मी उच्चार सुधारायला गेले तर म्हणाला, "आधी तुम्ही माझ्या आजोबांचं नाव घ्या." त्या नावात जिभेनं टाळूला टचकन आवाज काढावा लागतो. मी भर कँटीनमध्ये प्रयत्न केला. घोडा हाकल्यासारखं काहीतरी झालं. पुढे ते मला जमलं. गाण्यात ते नाव आलं की मी गाडी चालवताना मोठ्यानं घ्यायची.

वळणं सांगायच्या सवयीमागची गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली. त्याचे वडील खाणीत कामाला होते, गावापासून दिवसभराच्या प्रवासावर. तिथल्याच हॉस्पिटलात गेले. त्यांच्यात अशा वेळी नुसता देह आणून भागत नाही. एका काटेरी झाडाची फांदी घेऊन घरचं माणूस जिथे शेवटचा श्वास सुटला तिथे जातं, त्या जागेला फांदी लावतं, पूर्वजांची नावं घेतं आणि म्हणतं, चला, घरी जायचंय. मग फांदी घेऊन निघायचं. वाटेत दुसऱ्या कोणाशीही बोलायचं नाही, फक्त तिच्याशी बोलायचं. आता पूल आला, आता बसमध्ये चढतोय, आता उतरतोय. बसमध्ये तिच्यासाठी वेगळी सीट घ्यायची. मालूमेचा काका फांदी घेऊन वडिलांना आणायला गेला होता. अर्ध्या वाटेत बस बदलायची होती. तिथे त्याला जुना मित्र भेटला, काका बोलत बसला, आणि दुसऱ्या बसमध्ये चढताना फांदीला सांगायचं राहून गेलं. घरी आल्यावर हे काकानं रडत कबूल केलं. पुन्हा जाणं झालं नाही. "माझे वडील अजून त्या बस स्टँडवर आहेत," मालूमे म्हणाला, "माझी सगळी गाणी त्यांच्यासाठी आहेत. मी पत्ता सांगत असतो."

माझ्या वडिलांच्या दहाव्याला वर्ध्याला पिंडाला कावळा शिवेना. माझी रजा मंजूर नव्हती, मी इथेच बेड जुळवत होते. तासाभरानं माझ्या भावानं हात जोडून सांगितलं, "सुनीता निघाली आहे, पोचतेच आहे." कावळा शिवला. मी विमानात नव्हतेच. मी ही गोष्ट मालूमेला सांगितली, हसण्यावारी न्यावी म्हणून. तो हसला नाही. "मग ते वाट बघत असतील," एवढंच म्हणाला. मी त्या दिवशी त्याच्यावर चिडले होते.

त्याच बोलण्याच्या ओघात तो म्हणाला होता, "माझी वेळ येईल तेव्हा जो कोणी ढकलत असेल त्याला सांगा, बोलत ने म्हणावं." मी म्हटलं, मीच ढकलीन, काळजी करू नकोस. चहा पिता पिता माणूस जसं म्हणतो तसं म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि कळेपर्यंत उशीर झाला होता. शेवटच्या आठवड्यात तो आमच्याच हॉस्पिटलात आला, तळमजल्यावर, तातडीच्या वॉर्डात. छाती दाबून परत आणायची खटपट करू नका, असं त्यानं स्वतः सही करून दिलं होतं. मी रोज जायची. त्याचं बोलणं कमी होत होत एका पुटपुटण्यावर आलं होतं. कान जवळ नेल्यावर मला कळलं, तो पत्ता म्हणतोय. डोंगर, नदी, वडील, आजोबा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी दुपारी बाहेर सहा अँब्युलन्स उभ्या होत्या. एकीत छातीत दुखणारा माणूस, एकीत मांडीचं हाड मोडलेली म्हातारी. मला तातडीच्या वॉर्डातला बेड हवा होता, आणि तिथे हलवता येण्यासारखा पेशंट एकच होता. वरच्या मजल्यावर एक स्वतंत्र खोली रिकामी झाली होती, खिडकीची, शांत. वॉर्डाची सिस्टर म्हणाली, "सुनीता, आजचा दिवस राहू दे त्याला. ही इज गोइंग." मी म्हटलं, "वरची खोली चांगली आहे. तिथे त्याला निवांत मिळेल." खोली चांगली होती हे खरं. पण मी त्याला खोलीसाठी हलवलं नाही, बेडसाठी हलवलं, हेही खरं.

पोर्टर मिळेना. एक पोर्टर कायमचा कमी होता, तोच बेडवर होता. शेवटी मी आणि एक शिकाऊ नर्स निघालो. ती पायाशी, मी डोक्याशी. मालूमेचं पुटपुटणं चालू होतं. लांब कॉरिडॉर लागला तेव्हा मी तोंड उघडणार होते. आता सरळ जायचंय, एवढंच सांगणार होते. तेवढ्यात फोन वाजला. मी एका हातानं बेड ढकलत, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून बोलत राहिले. म्हातारीला कुठे, छातीवाल्याला कुठे. लिफ्टपाशी थांबलो तेव्हाही बोलतच होते. मालूमे आजोबांच्या नावापाशी आला होता, तो टचकन आवाज मी बोलता बोलता ऐकला. फोन ठेवला. घंटी वाजली, दार उघडलं. आणि माझ्या लक्षात आलं की आजोबांनंतर पणजोबा आलेच नाहीत.

इतकी वर्षं नर्स होते मी. हे कळायला मला यंत्र लागत नाही. त्या शिकाऊ मुलीला कळलं नव्हतं, ती लिफ्टचं दार धरून माझ्याकडे बघत होती. भेटायच्या वेळेची गर्दी होती, कोणी फुलं घेऊन, कोणी पोरं घेऊन. मी थांबायला हवं होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक मिनिट तिथे थांबले असते तर जग कोसळणार नव्हतं. मी म्हटलं, "चल, आत घे." वर नेलं. डॉक्टर आला, त्यानं तपासलं, वेळ लिहिली, वॉर्डाचं नाव लिहिलं, खोलीचा नंबर लिहिला. कागदावर कोणीच खोटं लिहिलं नाही. तळमजल्यावरचा बेड दहा मिनिटांत भरला.

तीन आठवड्यांनी त्याची थोरली बहीण आली. निवृत्त शिक्षिका, ताठ, राखाडी कोट घातलेली, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. देह आधीच विमानानं गेला होता, दफन ती परतेपर्यंत थांबवलं होतं. "आमच्यात हे काम पुरुषाचं," ती मला म्हणाली, "पण घरात मोठी म्हणून आता मीच उरले आहे." चष्म्याच्या डबीतून तिनं वीतभर फांदी काढली. मी बघत राहिले. बोरीच्या जातीची होती. आमच्या वर्ध्याच्या घरामागे बोर होती, तिलाही असेच जोडीनं काटे, एक सरळ, एक मागे वळलेला. त्या बाईंनी सगळी तयारी केली होती. विमानात शेजारची सीट घेतली होती. विमानतळावर दाखवायला चिठ्ठी टाइप करून आणली होती: 'मी माझ्या दिवंगत भावाला घरी नेत आहे. मला बोलता येणार नाही. कृपया क्षमा करावी.'

वरची ती खोली मी तासभर रिकामी ठेवली. नोकरीत पहिल्यांदाच मी एक बेड मुद्दाम रिकामा ठेवला. आत गेल्यावर तिनं विचारलं, "इथे? या बेडवर?"

आता सांगावं, असं मला वाटलं. "रेकॉर्डवर हीच खोली आहे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मला म्हणाली, "आता मी फक्त त्याच्याशी बोलेन. तुम्हाला रस्ता माहीत आहे, तुम्ही पुढे चाला." मग ती वाकली, गादीला फांदी लावली आणि नावं घ्यायला लागली. गाण्यातलीच नावं, पण सावकाश, हजेरी घेतल्यासारखी. मी दाराशी उभी होते. मला तिच्या काकाची आठवण झाली, बस स्टँडवर मित्राशी बोलत बसलेल्या. माझ्या भावाची झाली, कावळ्याला खोटं सांगणाऱ्या. आपण एवढं सगळं ऐकून, समजून, मालूमेलाही त्याच्या बापासारखं अधल्यामधल्या जागी सोडून देतोय, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी माझे पाय चालायला लागले.

आम्ही निघालो. मागून तिची कुजबूज येत होती, बहुधा वळणं सांगत असावी. लिफ्टनं खाली आलो. दार उघडलं आणि समोर तीच जागा, तोच कॉरिडॉर. मी बाहेर पडले आणि मला पुढे जाता येईना. मागे वळून मी सगळं सांगितलं. तो वर गेला नाही, इथे गेला. या दाराशी. मी त्याला हलवलं, मला बेड हवा होता. मी फोनवर होते. मला कळलं होतं आणि मी थांबले नाही. माझ्या इंग्रजीचं काय झालं मला ठाऊक नाही, पण सांगितलं.

तिला बोलायची मुभा नव्हती. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. शाळेत वर्षानुवर्षं मुलांकडे पाहिलेली नजर ती, तिच्यातून काही सुटलं नसावं. लिफ्टला ताटकळलेले दोघेतिघे बाजूला सरकले. मग ती कोटासकट त्या लिनोलियमच्या फरशीवर गुडघे टेकून बसली, दाराच्या पट्टीला फांदी लावली, आणि अगदी पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली. आजोबांच्या नावापाशी तो टचकन आवाज आला. त्यापुढची नावं मी तेव्हा ऐकली.

ती उठली. फांदी तिच्या हातात, आणि मी पुढे. या वेळी मी बोलले, मोठ्यानं, मराठीत. त्याची परवानगी मी कोणाकडे मागितली नाही. "मालूमे, आता डावीकडे. इथे उंचवटा आहे, तुला माहीतच आहे. आता उजवीकडे. हा मोठा दरवाजा. बाहेर थंडी आहे हं. ही टॅक्सी आली." मागून माझ्या प्रत्येक वाक्यानंतर तिचं झुलू वाक्य येत होतं. ती माझं भाषांतर करत होती की माझं खोडून आपलं सांगत होती, मला कळायला मार्ग नव्हता. टॅक्सीत तिनं फांदी मागच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा बांधला, पलीकडून स्वतः बसली आणि दार लावून घेतलं. काचेतून तिनं मागे पाहिलं नाही.

मी अजून तेच काम करते. कोणालाही हलवायचं असलं आणि पोर्टर नसला की मी जाते, आणि त्या कॉरिडॉरमध्ये फोन बंद ठेवते. डावीकडे, उजवीकडे, लिफ्ट आली. गोरे म्हातारे माझ्याकडे चमकून बघतात. रेवा म्हणते, "आई, तू आता त्याच्यासारखा झालीस." गेल्या वर्षी मी वर्ध्याला जाऊन आले. नदीवर उभी राहून बाबांना म्हटलं, आले हो. उशीर झाला.

मालूमेच्या बहिणीला मी दुसऱ्याच आठवड्यात मेसेज केला होता: तो नीट पोचला का? तिनं तो वाचलेला दिसतो. नंतर आणखी दोनदा विचारलं, तेही वाचलेलं दिसतं. वाटेत तिला बोलायची मनाई होती, हे मला माहीत आहे. पण घरी पोचल्यावर ती मनाई संपते.